बरगड्यांचा एक्स-रे: दुखरी जागा, श्वास आणि फिरवण्याची बाजू ठरवण्याचा क्रम

चिठ्ठीवर ‘रिब्ज, उजवी बाजू’ एवढंच लिहिलेलं असतं. रुग्णाला पाठ टेकवून उभं केलं जातं, दीर्घ श्वास धरायला सांगून एक एपी (किरण पुढून मागे जाणारी) फिल्म काढली जाते आणि ‘फ्रॅक्चर दिसत नाही’ म्हणून रुग्ण घरी जातो. दुखणं अकराव्या बरगडीत असेल किंवा काखेखालच्या वळणावर असेल, तर त्या एका फिल्ममध्ये ते दिसण्याची शक्यता फारच कमी होती. बरगड्यांच्या कामात बहुतेक चुका बटण दाबण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून या लेखात मशीनच्या आकड्यांपेक्षा ठरवण्याच्या क्रमावर जास्त भर दिला आहे. हा क्रम पाळला तर परत काढाव्या लागणाऱ्या फिल्म निम्म्याहून कमी होतात असा दावा इथे करायचा नाही, पण काढलेली प्रत्येक फिल्म कशासाठी काढली हे तुम्हाला सांगता येईल.

## १. दुखरी जागा बोटाने शोधा

रुग्णाला ‘कुठे दुखतं?’ असं विचारलं की तो पूर्ण तळहात छातीवर ठेवतो. तळहाताखाली चार-पाच बरगड्या येतात, त्यामुळे ही माहिती कामाची नाही. त्याला म्हणा, ‘एका बोटाने दाखवा, सगळ्यात जास्त कुठे दुखतं.’ मग परवानगी घेऊन स्वतः हलक्या हाताने त्या जागेची खात्री करा. जोरात दाबायची गरज नाही. बोट ठेवताच चेहरा आक्रसला तर जागा सापडली.

तिथे एक छोटा धातूचा मणी चिकटपट्टीने लावा. तुमच्या विभागात असा मार्कर लावण्याची पद्धत असेल तर तो प्रत्येक फिल्ममध्ये त्याच जागी राहू द्या. रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना चोवीस बरगड्यांऐवजी तीन-चार बरगड्या बारकाईने पाहता येतात, आणि बारीक, न सरकलेलं फ्रॅक्चर सापडण्याची शक्यता वाढते.

चिठ्ठी वाचताना मार कसा लागला तेही बघा. जोरदार अपघातात पहिल्या तीन बरगड्या मोडल्या असतील तर मोठ्या रक्तवाहिन्या आणि हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंनाही इजा झालेली असू शकते. खालच्या बरगड्यांच्या मागे यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडं असतात. सतत खोकल्यामुळे होणारं फ्रॅक्चर बहुधा मधल्या बरगड्यांवर, बाजूला किंवा पुढच्या भागात सापडतं. कर्करोगाचा प्रसार शोधायचा असेल तर दुखरी जागा एकच नसते, आणि मग दोन्ही बाजू वर-खाली पूर्ण झाकाव्या लागतात.

इशारा: धाप लागली असेल, ओठ निळसर झाले असतील किंवा छातीचा एक भाग श्वासासोबत उलट दिशेने हलत असेल, तर बरगड्यांचा एक्स-रे बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. लागून असलेल्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या की छातीची भिंत अशी सुटी हलते.

## २. उंची नीट वाचा: पुढचं टोक खाली, मागचं वर

कामापुरती शरीररचना एवढीच: बरगड्यांच्या बारा जोड्या. पहिल्या सात आपापल्या कूर्चेने (टोकाच्या लवचिक भागाने) थेट उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या. आठवी, नववी आणि दहावी यांची कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन मिळते. अकरावी आणि बारावी पुढून मोकळ्या. कूर्चा साध्या एक्स-रेत दिसत नाही. वयानुसार तिच्यात कॅल्शियम साठलं तरच तिची छाया येते. म्हणून पुढे, उरोस्थीला लागून असलेलं दुखणं कूर्चेचं असेल तर कितीही चांगली फिल्म काढली तरी ते सापडणार नाही. तिथे सोनोग्राफी किंवा सीटीचा उपयोग होतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती उंचीची. प्रत्येक बरगडी कण्यापासून निघून खाली उतरत पुढे येते. तिचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा साधारण ७.५ ते १२.५ सेंटीमीटर खाली असतं. उरोस्थीच्या खालच्या टोकाची पातळी मागे नवव्या-दहाव्या छातीच्या मणक्याला येते. म्हणजे त्याच आडव्या रेषेत पुढे सातव्या बरगडीचा भाग असतो आणि मागे नववी-दहावी बरगडी. रुग्णाने पोटाच्या वर, पुढे बोट ठेवलं म्हणून ‘खालच्या बरगड्या’ असं समजू नका. आणि पाठीवर त्याच उंचीला दुखत असेल तर ‘वरच्या बरगड्या’ असंही नाही.

बोटाने सापडणाऱ्या खुणा पाठ असू द्या:

- गळ्याच्या पायथ्याची खाच: दुसऱ्या-तिसऱ्या छातीच्या मणक्याची पातळी.
- उरोस्थीवरचा आडवा उंचवटा: इथे दुसरी बरगडी जोडलेली असते. पुढून मोजणी इथूनच सुरू करा, कारण पहिली बरगडी कॉलरबोनखाली असल्याने बोटाला लागत नाही.
- खांद्याच्या पात्याचं खालचं टोक: सातव्या छातीच्या मणक्याची पातळी.
- मानेच्या पायथ्याशी ठळक जाणवणारा मणका: मानेचा सातवा.
- कंबरेच्या हाडाची वरची कड: कमरेचा चौथा-पाचवा मणका.

## ३. चार गोष्टी ठरवा, मगच रुग्णाला हलवा

पुढे की मागे. दुखरा भाग डिटेक्टरला (किरण टिपून चित्र बनवणाऱ्या पाटीला) जवळ हवा. मागच्या बरगड्यांसाठी एपी, पुढच्यांसाठी पीए (किरण मागून पुढे). दूर राहिलेला भाग मोठा आणि धूसर येतो, आणि केसाएवढी भेग त्या धूसरपणात हरवते.

श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूच्या) वर की खाली. दीर्घ श्वास घेतल्यावर श्वासपटल मागच्या दहाव्या बरगडीपर्यंत उतरतं. पूर्ण श्वास सोडल्यावर ते सातव्या-आठव्या बरगडीपर्यंत चढतं. वरच्या बरगड्या हवेने भरलेल्या फुप्फुसावर बघायच्या असतात, म्हणून श्वास आत. खालच्या बरगड्या यकृत आणि पोटाच्या घट्ट ऊतींवर बघायच्या असतात, म्हणून श्वास बाहेर. खालच्या बरगड्यांची फिल्म श्वास आत घेऊन काढली की श्वासपटलाची रेघ नेमकी नवव्या-दहाव्या बरगडीवरून जाते. अर्धी बरगडी काळवंडते, अर्धी पांढुरकी राहते आणि दोन्हींपैकी एकही वाचण्यासारखी नसते.

उभं की आडवं. वरच्या बरगड्यांसाठी शक्यतो उभं करा, कारण गुरुत्वाकर्षणामुळे श्वासपटल खाली राहतं आणि दुखऱ्या छातीवर भार येत नाही. खालच्या बरगड्यांसाठी आडवं झोपवा. झोपल्यावर श्वासपटल आणखी वर सरकतं आणि पोटाची जाडी सारखी पसरते.

काखेचं वळण. एपी आणि पीएमध्ये बरगडीचं बाजूचं वळण कडेने दिसतं, म्हणजे त्याची लांबी दबून जाते आणि बरगडी स्वतःवरच पडते. फ्रॅक्चर बऱ्याचदा नेमकं इथेच असतं. ऑब्लिक, म्हणजे शरीर तिरकं फिरवून काढलेली फिल्म ही ऐच्छिक जोड समजू नका. बरगड्यांच्या तपासणीत तिचं काम मुख्य फिल्मएवढंच आहे.

## ४. खोली आणि रुग्णाची तयारी

कंबरेच्या वरचे सगळे कपडे काढून गाऊन घालायला द्या, आणि गाऊनची गाठ किंवा बटण दुखऱ्या बाजूला येऊ देऊ नका. माळ, मंगळसूत्र, ब्रा, छातीला बांधलेला पट्टा, वेदनाशामक पॅच, ईसीजीच्या तारा हे सगळं तपासा. जाड वेणी खांद्यावरून पुढे आली असेल तर ती वर बांधून घ्या. ओल्या किंवा घट्ट वेणीची छाया पहिल्या तीन बरगड्यांवर हुबेहूब भेगेसारखी दिसते. गर्भधारणेची शक्यता विभागाच्या नियमाप्रमाणे विचारा.

ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावा आणि ट्यूबचं अंतर ग्रिडच्या फोकस-मर्यादेत ठेवा. आडव्या रुग्णासाठी साधारण १०० ते ११५ सेंटीमीटर, उभ्या रुग्णासाठी बकी (ग्रिड आणि डिटेक्टर बसवलेला स्टँड) चालत असेल तर १८० सेंटीमीटर. अंतर १०० वरून १८० केलं तर तेवढेच किरण डिटेक्टरपर्यंत पोचण्यासाठी एमएएस (किरणांचं एकूण प्रमाण) सुमारे सव्वातीन पट लागतो. ही वाढ विसरल्यामुळे दाणेदार फिल्म येतात.

एक्स्पोजरचं सूत्र विभागाच्या चार्टवरून घ्या, पण दिशा अशी असू द्या: वरच्या बरगड्यांसाठी साधारण ७० ते ८० केव्हीपी (किरणांची भेदकता ठरवणारा व्होल्टेज), खालच्यांसाठी ७५ ते ८५ आणि एमएएस त्यापेक्षा बराच जास्त. छातीच्या नेहमीच्या फिल्मसाठी वापरतात ते ११० ते १२५ केव्हीपी इथे वापरू नका. तितक्या केव्हीपीला बरगड्या मुद्दामच फिक्या पडतात, जेणेकरून फुप्फुस दिसावं. छातीच्या फिल्मवर बरगड्यांचं निदान सुटतं त्याचं हे एक मोठं कारण आहे. एमए (ट्यूबमधला विद्युतप्रवाह) जास्त आणि वेळ कमी ठेवा, कारण दुखणाऱ्या माणसाचा श्वास फार वेळ थांबत नाही.

एका बाजूच्या फिल्मला ऑटोमॅटिक एक्स्पोजर (सेन्सरला पुरेसे किरण मिळताच ते आपोआप थांबवणारी सोय) वापरताना सावध राहा. निवडलेला सेन्सर फुप्फुसाखाली आला तर किरण लवकर थांबतात आणि श्वासपटलाखालचा भाग उपाशी राहतो. सेन्सरचा कोपरा शरीराबाहेर गेला तर परिस्थिती आणखी वाईट. खात्री नसेल तर हाताने सेट करा.

तपासा: उजवा किंवा डावा मार्कर किरणांच्या क्षेत्रात, हाडांपासून दूर, खऱ्या धातूचा लावला आहे का? नंतर संगणकावर टाकलेलं अक्षर ऑब्लिक फिल्ममध्ये गोंधळ वाढवतं.

## ५. श्वासाचा सराव

सराव न करता काढलेली फिल्म परत काढावी लागते, हे या तपासणीत वारंवार घडतं. रुग्णाला आधी सांगा की श्वास घेताना दुखेल, पण दोन-तीन सेकंदच थांबायचं आहे.

वरच्या बरगड्यांसाठी: ‘श्वास घ्या, सोडा, आता पुन्हा खोल घ्या, थांबा.’ दुसऱ्या श्वासाला फुप्फुस जास्त भरतं. खालच्यांसाठी: ‘श्वास घ्या, आता सगळा सोडा, तसंच थांबा, घेऊ नका.’ ‘थांबा’ म्हटल्यावर एक सेकंद जाऊ द्या आणि मगच एक्स्पोजर द्या. नजर स्क्रीनवर न ठेवता रुग्णाच्या पोटावर ठेवा. बरेच रुग्ण ‘थांबा’ ऐकताच घाईने श्वास आत ओढतात, आणि खालच्या बरगड्यांची फिल्म तिथेच वाया जाते.

## ६. आधी छातीची पीए फिल्म

मार लागलेल्या रुग्णात बहुतेक विभाग बरगड्यांच्या आधी छातीची उभी पीए फिल्म घेतात. मोडलेल्या बरगडीपेक्षा तिने फुप्फुसाला केलेली इजा जास्त धोक्याची असते: हवा साठणं, रक्त साठणं, फुप्फुसाला लागलेला मुका मार. ही फिल्म पाहूनच पुढे जा. फुप्फुसाच्या कडेने बारीक पांढरी रेघ आणि तिच्या बाहेर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या नसलेला काळा पट्टा दिसला तर बरगड्यांच्या पुढच्या फिल्म थांबवून डॉक्टरांना कळवा. आडव्या रुग्णात त्वचेची घडी अशीच रेघ बनवते. ती रेघ छातीच्या भिंतीबाहेर जाताना दिसली तर घडीच आहे.

## ७. श्वासपटलाच्या वरच्या बरगड्या

मागचं दुखणं, एपी. रुग्णाला पाठ डिटेक्टरला लावून उभं करा, वजन दोन्ही पायांवर सारखं. हनुवटी वर, नजर समोर. हात कंबरेवर, तळहात बाहेरच्या बाजूला आणि खांदे पुढे वळवलेले, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. डिटेक्टरची वरची कड खांद्यांच्या सुमारे ४ सेंटीमीटर वर. किरण लंब, गळ्याच्या खाचेच्या ८ ते १० सेंटीमीटर खाली, म्हणजे सातव्या छातीच्या मणक्याच्या पातळीला. दोन्ही बाजू घ्यायच्या असतील तर मध्यरेषेत, एकच बाजू असेल तर मध्यरेषा आणि छातीची बाहेरची कड यांच्या मधोमध. श्वास पूर्ण आत.

पुढचं दुखणं, पीए. छाती डिटेक्टरला टेकवून, हनुवटी वर उचलून, खांदे पुढे. किरण मानेच्या सातव्या मणक्याच्या १८ ते २० सेंटीमीटर खाली. जाड किंवा आखूड बांध्याच्या रुग्णात हे माप फसतं, तेव्हा खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाशी जुळवून बघा. मोठे स्तन असतील तर ते बाजूला आणि खाली सरकवायला रुग्णालाच सांगा.

कॉलिमेशन करताना, म्हणजे किरणांचं क्षेत्र मर्यादित करताना बाहेरची कड कापू नका. जाड रुग्णात दोन्ही बाजू एका उभ्या डिटेक्टरवर बसत नाहीत आणि दोन्हीकडची काखेची वळणं अर्धी बाहेर राहतात. दोन्ही बाजू हव्या असतील तर डिटेक्टर आडवा ठेवा किंवा प्रत्येक बाजू वेगळी घ्या.

तपासा: पहिल्यापासून नवव्या-दहाव्यापर्यंतच्या मागच्या बरगड्या श्वासपटलाच्या वर दिसतात का? एपीत दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं कण्यापासून सारख्या अंतरावर आहेत का? एक टोक जवळ आणि एक दूर असेल तर रुग्ण वळलेला आहे, आणि मग जवळच्या बाजूच्या बरगड्या कण्यावर चढतात.

## ८. श्वासपटलाच्या खालच्या बरगड्या

रुग्ण उताणा, गुडघे किंचित वाकवून. हात शरीरापासून दूर किंवा डोक्यावर. किरण लंब, उरोस्थीचं खालचं टोक आणि बरगड्यांची खालची कड यांच्या मधोमध. डिटेक्टरची खालची कड कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत यायला हवी, म्हणजे बारावी बरगडी कापली जात नाही. श्वास पूर्ण बाहेर.

बारावी बरगडी फार लहान असू शकते, आणि कमरेच्या पहिल्या मणक्याच्या बाजूच्या फांदीसारखी दिसते. त्यामुळे खालून मोजलेला क्रमांक बऱ्याचदा एकाने चुकतो. यावर उपाय म्हणजे वरची आणि खालची फिल्म एकमेकींवर दोन-तीन बरगड्यांनी तरी चढू द्यायची. वरच्या फिल्ममध्ये पहिली बरगडी दिसत असेल आणि खालच्या फिल्ममध्ये आठवी-नववी पुन्हा दिसत असेल, तर मोजणी वरून खाली सलग होते. दोन्ही फिल्ममध्ये फट राहिली तर नेमकी त्या फटीतली बरगडी मोडलेली असण्याची शक्यता असतेच, शिवाय रिपोर्टमध्ये क्रमांकही चुकतो.

तपासा: श्वासपटल सातव्या-आठव्या बरगडीच्या आसपास चढलेलं आहे का? ते दहाव्यावर बसलं असेल तर रुग्णाने श्वास आत घेतलेला आहे. केव्हीपी वाढवून ही चूक झाकू नका, पुन्हा काढा.

## ९. ऑब्लिक: कोणती बाजू फिरवायची

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबून समजून घ्या. ऑब्लिकचा उद्देश काखेचं वळण डिटेक्टरला समांतर उलगडणं हा आहे. ते उलगडण्यासाठी कणा दुखऱ्या बाजूपासून दूर सरकला पाहिजे. शरीर ४५ अंश फिरवायचं, आणि कोणत्या दिशेने हे फक्त या एका अटीवर ठरतं.

- उजवीकडे मागे किंवा काखेत दुखतं: आरपीओ. उजवी पाठ डिटेक्टरला.
- डावीकडे मागे किंवा काखेत दुखतं: एलपीओ. डावी पाठ डिटेक्टरला.
- उजवीकडे पुढे दुखतं: एलएओ. डावी छाती डिटेक्टरला.
- डावीकडे पुढे दुखतं: आरएओ. उजवी छाती डिटेक्टरला.

शेवटच्या दोन ओळी पाहून अनेकांचा हात थबकतो, कारण दुखरी बाजू डिटेक्टरपासून दूर गेलेली असते. ‘दुखरी बाजू जवळ’ हा नियम एपी-पीए निवडताना लागू होतो. पुढच्या दुखण्यात त्याच नियमाने उजव्या बाजूसाठी आरएओ काढली तर कणा उजव्या बरगड्यांवर येऊन बसतो आणि काखेचं वळण आणखी आखडतं. आरपीओ आणि एलएओमध्ये शरीराचा किरणांशी होणारा कल एकच असतो, फक्त किरण उलट बाजूने जातात. म्हणून दोन्ही उजवं वळणच उलगडतात. हे एकदा कागदावर छातीचा आडवा छेद काढून, त्यावर ट्यूब आणि डिटेक्टर दाखवून पाहा. पाठांतराची गरज उरत नाही.

दुखऱ्या बाजूचा हात वर, तळवा डोक्यावर. दुसरा हात कंबरेवर, कोपर शरीरापासून दूर. आडव्या रुग्णात उचललेल्या खांद्याखाली आणि नितंबाखाली स्पंजची पाचर द्या, नाहीतर रुग्ण स्नायू ताणून स्वतःला धरून ठेवतो, थरथरतो आणि फिल्म हलते. फक्त खांदा उचलून कंबर सपाट ठेवू नका. छाती ४५ अंश आणि पोट १५ अंश अशी पिळलेली स्थिती खालच्या बरगड्यांसाठी निरुपयोगी आहे.

सेंटरिंग (किरणांचा मध्य) कणा आणि दुखऱ्या बाजूची बाहेरची कड यांच्या मधोमध. उंची वरच्या आणि खालच्या बरगड्यांसाठी वर दिली तीच, श्वासही तोच.

तपासा: दुखऱ्या बाजूला कण्यापासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर दुसऱ्या बाजूच्या साधारण दुप्पट आहे का? दोन्ही अंतरं जवळपास सारखी असतील तर वळण कमी पडलं. दुखरी बाजूच अरुंद असेल तर उलटी ऑब्लिक काढली गेली आहे.

इशारा: कण्याला इजा झाल्याचा संशय असलेल्या रुग्णाला ऑब्लिकसाठी फिरवू नका. ट्यूब आडवी कलवून काम भागवता येतं, पण ट्यूबचा कल ग्रिडच्या रेषांना आडवा गेला तर किरण ग्रिडमध्येच अडतात आणि फिल्मचा एक भाग पांढरा पडतो. ग्रिडच्या रेषा कलाच्या दिशेने येतील अशी मांडणी करा किंवा ग्रिड काढा. गंभीर अपघातात मात्र डॉक्टर बहुधा सीटीच मागतात, आणि ते योग्यच आहे.

## १०. काही वेगळे रुग्ण

वृद्ध, हाडं ठिसूळ झालेल्या व्यक्तीत बरगडी हलक्या माराने मोडते आणि हाडाची घनता कमी असल्याने भेग सहज हरवते. केव्हीपी खालच्या मर्यादेत ठेवा आणि अंगाखाली मऊ पण किरणांना न अडवणारी गादी द्या. पाठीला बाक असेल तर एपीत हनुवटी पहिल्या बरगड्यांवर येते. अशा वेळी बसवून, पाठीमागे आधार देऊन बघा.

अगदी लहान मुलांमध्ये बरगड्यांचं, विशेषतः कण्याजवळचं फ्रॅक्चर ही गंभीर खूण असते. अशा तपासणीत दोन्ही बाजूंच्या ऑब्लिकसह विभागाचा ठरलेला पूर्ण आराखडाच पाळा, एक फिल्म काढून थांबू नका.

कण्याशी असलेला बरगडीचा सांधा पाहायचा असेल तर साध्या एपीत तो नीट उघडत नाही. त्यासाठी ट्यूब डोक्याकडे २० अंश कलवून एपी काढतात. पाठीला जास्त बाक असेल तर ५ ते १० अंश आणखी.

## ११. पाठवण्याआधी स्क्रीनवर

फिल्म पुढे ढकलण्याआधी बरगड्या मोजा. प्रत्येक बरगडीची वरची आणि खालची कड नजरेने मागून पुढे फिरवा. खालच्या आतल्या कडेला रक्तवाहिन्यांची खाच असते, म्हणून ती कड मुळातच पातळ आणि लहरी दिसते. तिला भेग समजू नका. खांद्याच्या पात्याची कड किंवा फुप्फुसातली वाहिनी बरगडीला छेदून गेली तरी भेगेचा भास होतो. खरी भेग बरगडीच्या कडेवर थांबते, कडेबाहेर जात नाही. कडेवरची बारीक पायरी किंवा बरगडीलगत आतून आलेला मऊ फुगवटा दिसला तर ती जागा पुन्हा पाहा.

धातूच्या मण्याखालची बरगडी वाचण्याइतकी उजळ आहे का, हे आधी बघा. फक्त स्क्रीनवरचा उजळपणा बदलून ती वाचता येते की मुळातच दाणेदार आहे, हे एक्स्पोजर इंडेक्सवरून (डिटेक्टरला किती किरण मिळाले हे सांगणाऱ्या आकड्यावरून) समजतं. दाणे असतील तर उजळपणा वाढवल्याने उपयोग होत नाही.

न सरकलेलं ताजं फ्रॅक्चर उत्तम फिल्ममध्येही दिसत नाही असं होतं. दहा ते चौदा दिवसांनी हाडाभोवती नवं हाड जमू लागलं की तीच जागा उघड दिसते. म्हणून दुखरी जागा, ती कोणत्या बाजूला आणि पुढे की मागे, श्वास नीट धरला गेला का, आणि कोणती स्थिती वेदनेमुळे घेता आली नाही, एवढं फिल्मसोबत स्पष्ट लिहून द्या. रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांकडे रुग्ण नसतो, त्यांना फक्त तुमची फिल्म आणि तुमच्या चार ओळी मिळतात.